पित्त झालंय, की पित्ताशय दुखतंय?

मराठी माणसाला पित्त किती प्रकारांनी होतं, हे कधी मोजून पाहिलंय का? छातीत जळजळलं, पित्त. डोकं ठणकलं आणि उलटी झाल्यावर बरं वाटलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या तर पित्त उठलं, लग्नघरात जागरण झालं तर पित्त वाढलं, आणि कुणी आपल्या दारासमोर गाडी लावून गेलं तर पित्त खवळलं. उपायही घरचेच. सकाळी मोरावळा, दुपारी कोकमाचं सरबत, गांधींवर आमसुलाचं पाणी, आणि भारतातून येताना बॅगेत सूतशेखरची डबी. (ती डबी ऑकलंडच्या विमानतळावर जाहीर करावी लागते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

एवढा मोठा संसार एकाच शब्दाने सांभाळला याचं मला कौतुकच आहे. पण शब्द इतका पसरला, की पित्त ज्या अवयवात खरोखर साठतं तो त्यात हरवून गेला. इथल्या जीपीसमोर बसून आपण ‘पित्त’ म्हणतो, शेजारी बसलेला मुलगा किंवा मुलगी त्याचं ‘ॲसिडिटी’ करून सांगते, आणि आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या घेऊन सगळे घरी येतात. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. एका गटाच्या बाबतीत मात्र हे भाषांतर महागात पडू शकतं. ज्यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आहे आणि ज्यांचं वजन गेल्या काही महिन्यांत झपाट्याने उतरलं आहे, त्यांच्या ‘पित्ता’मागे पित्ताशयातले खडे असण्याची शक्यता बरीच असते.

वजन वाढलं तर खडे होतात हे पुष्कळांना माहीत असतं. वजन उतरताना ते जास्त वेगाने होतात, हे सांगितलं तर लोक चमकतात. डॉक्टरांनाही ते नीट उमगायला बराच काळ लागला. त्या काळाची ही गोष्ट आहे. तिच्यात बर्लिनचा एक सिगार ओढणारा रुग्ण आहे, न्यूझीलंडचे एक पंतप्रधान आहेत, मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल आहे, आणि आपल्या इथली गुरंही आहेत.

मुतखड्याला आपल्याकडे कसा रोखठोक, घरगुती शब्द आहे. पित्ताशयाच्या खड्याला तसा नाही. आपण सरळ ‘गॉलब्लॅडरमध्ये स्टोन झाले’ असं म्हणतो. याचं कारण उघड आहे. मूत्राशयातला खडा लघवी अडवतो, कधी बाहेर पडतो, डोळ्यांना दिसतो. तो छेद घेऊन कसा काढावा, हे सुश्रुतसंहितेत सविस्तर सांगितलं आहे. पित्ताशय मात्र यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेलं असतं. पेअरच्या आकाराची, बोटाएवढ्या लांबीची पिशवी. आत जेमतेम तीन-चार मोठे चमचे पित्त मावतं. पोट उघडल्याशिवाय ती दिसत नाही, आणि जिवंत माणसाचं पोट उघडणं म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुधा मरणालाच बोलावणं होतं.

१८६७ च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या इंडियानापोलिस गावी जॉन बॉब्ज नावाच्या सर्जनने तीस वर्षांच्या एका बाईचं पोट उघडलं. गाठ असावी असा त्यांचा अंदाज होता. आत निघालं खड्यांनी भरलेलं पित्ताशय. त्यांनी ते कापलं, खडे काढले आणि पुन्हा शिवून टाकलं. बॉब्ज तीन वर्षांनी वारले. बाई मात्र त्यांच्यानंतर अनेक वर्षं जगली.

पण पिशवी आत राहिली की खडे पुन्हा होतात. बर्लिनच्या लाझारस हॉस्पिटलातल्या कार्ल लांगेनबुख यांचं म्हणणं असं, की दोष खड्यांचा नाही, खडे घडवणाऱ्या पिशवीचा आहे. घोड्याला आणि हत्तीला पित्ताशय नसतंच, तरी त्यांचं काही अडत नाही; मग माणसाचं का अडावं? आधी मृतदेहांवर हात बसवून १५ जुलै १८८२ रोजी त्यांनी त्रेचाळीस वर्षांच्या एका माणसाचं पित्ताशय पूर्ण काढून टाकलं. हा माणूस सोळा वर्षं कळा सोसत होता. दुसऱ्या दिवशी ताप नाही, दुखणं फारसं नाही, आणि गडी बिछान्यात सिगार ओढतोय! तरीही बर्मिंगहॅमचे लॉसन टेट यांच्यासारख्या नामांकित सर्जनांनी या कल्पनेला कडाडून विरोध केला. अवयव काढायचा की ठेवायचा, हा वाद तेव्हापासून चालू आहे. तो पुढे आपल्याला वेगळ्या रूपात भेटेल.

जाता जाता एक योगायोग. त्याच १८८२ सालच्या फेब्रुवारीत ‘डुनेडिन’ हे जहाज पोर्ट चाल्मर्सहून गोठवलेलं मांस घेऊन लंडनला निघालं आणि या देशाचं नशीब पालटलं. मांसाच्या धंद्याचा आणि पित्ताशयाचा काय संबंध, ते थोड्या वेळाने सांगतो.

आता वजनाकडे वळू. वजन कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया ही कल्पना आपल्याला वाटते त्यापेक्षा जुनी आहे. १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात लहान आतड्याचा बराचसा भाग वळसा घालून टाळण्याचा प्रयोग झाला. अन्न पचायला जागाच कमी ठेवायची, असा हिशोब. वजन उतरलं, पण यकृत बिघडणं, मुतखडे, पित्ताचे खडे अशी संकटांची रांग लागली आणि ती पद्धत पुढे मागे पडली. १९६६ मध्ये आयोवाचे एडवर्ड मेसन यांनी दुसरा रस्ता धरला. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला होता त्यांचं वजन वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग जठराचा वरचा छोटासा कप्पा वेगळा करून तोच आतड्याला जोडला तर? आजच्या गॅस्ट्रिक बायपासचा उगम इथे आहे.

आपल्या न्यूझीलंडला या शस्त्रक्रियेची ओळख करून दिली ती एका राजकारण्याने. डेव्हिड लाँगी (लिहितात ‘लांगे’सारखं, पण म्हणतात लाँगी) १९८२ मध्ये १६० किलोंच्या वर होते. त्यांनी जठराला स्टेपल मारून ते लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले. अणुशक्तीविरोधी धोरण आणि ऑक्सफर्डच्या वादसभेतलं गाजलेलं भाषण यांमुळे जग त्यांना ओळखतं. आपल्या लोकांनी त्यांची आणखी एक आठवण ठेवायला हवी. मल्डून सरकारने १९८२ मध्येच दिल्लीतलं न्यूझीलंडचं हाय कमिशन बंद केलं होतं. लाँगींनी ते पुन्हा उघडलं आणि तिथे चक्क सर एडमंड हिलरींना पाठवलं. आज आपल्यापैकी अनेकांचे कागद ज्या वाटेने इथवर आले, ती वाट तेव्हा मोकळी झाली. लाँगींच्या शस्त्रक्रियेबद्दल इथल्या वर्तमानपत्रांत आणि घराघरांत उघडपणे बोललं गेलं. जाड माणसाने ‘तोंड आवरावं’ एवढाच सल्ला नसतो, हा एक आजार आहे आणि त्यावर सर्जनकडे काही उपाय आहे, हे सामान्य माणसाला त्यातून कळलं. पुढे वेलिंग्टनच्या वेकफील्ड हॉस्पिटलात रिचर्ड स्टब्ज यांनी नव्वदच्या दशकात गॅस्ट्रिक बायपासचं काम मोठ्या प्रमाणावर चालवलं. आज सरकारी रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया होते, पण रांग मोठी आणि जागा थोड्या. या देशात तीन प्रौढांमागे एक लठ्ठ या व्याख्येत बसतो, म्हणजे रांगेचा अंदाज करा.

खड्यांबद्दल वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या एक घोकंपट्टी शिकवली जायची. इंग्रजी ‘एफ’ने सुरू होणारे काही शब्द, आणि त्यांचा मथितार्थ: गोरी, लठ्ठ, चाळिशीची, लेकुरवाळी बाई. मला ही ओळ कधीच आवडली नाही. बाईला नावं ठेवणारा विनोद आहे तो, निदान कसला? शिवाय ती पूर्ण खरीही नाही. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये भारतातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना उत्तरेत पित्ताच्या खड्यांचं प्रमाण दक्षिणेच्या सुमारे सातपट आढळलं. तिकडचे सगळे गोरे नव्हते, लठ्ठ नव्हते, आणि रेल्वेत तेव्हा बहुसंख्य पुरुषच होते. पण या घोकंपट्टीचा सगळ्यात मोठा तोटा असा, की तिने डॉक्टरांची नजर वाढलेल्या वजनावर खिळवून ठेवली. उतरत्या वजनाकडे लक्ष जायला उशीर झाला.

ते लक्ष गेलं साधारण १९८० नंतर, जेव्हा पोटाची सोनोग्राफी सोपी आणि स्वस्त झाली. खडा दुखायच्या आधीच दिसू लागला. १९८९ मध्ये अमेरिकेत ५१ लठ्ठ माणसांना आठ आठवडे दिवसाला फक्त ५२० कॅलरींच्या आहारावर ठेवून सोनोग्राफी केली गेली. त्यांतल्या तेरा जणांना, म्हणजे चौघांमागे एकाला, तेवढ्या दोन महिन्यांत खडे झाले. कुणाच्याही पोटाला चाकू लागलेला नव्हता! १९९१ मध्ये व्हर्जिनियाच्या डॉक्टरांनी गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांवर असंच लक्ष ठेवलं. सहा महिन्यांत ३६ टक्क्यांना नवे खडे झाले, आणखी १३ टक्क्यांच्या पित्ताशयात दाट गाळ साचला. म्हणजे जवळजवळ निम्मे.

असं का होतं, हे समजून घ्यायला स्वयंपाकघरात या. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. त्यात कोलेस्टेरॉल असतं, आणि ते विरघळवून ठेवणारी पित्ताम्लं असतात. तुम्ही झपाट्याने बारीक होता तेव्हा अंगावरची चरबी वितळते आणि तिच्यातलं कोलेस्टेरॉल यकृतावाटे पित्तात उतरतं. पाकात साखर प्रमाणाबाहेर पडली की काय होतं? खडी धरते. पित्ताचं तेच. त्यात दुसरी अडचण. पित्ताशय आकुंचन पावून रिकामं होतं ते मुख्यतः स्निग्ध अन्न आतड्यात आल्यावर. तिथून एक संप्रेरक निघतं आणि पित्ताशयाला ‘आता सोड’ असा निरोप देतं. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला माणूस जातो पातळ, बिनतुपाच्या आहारावर, तोही वाटीभर. बायपासमध्ये तर अन्नाचा रस्ताच बदललेला असतो. निरोप येत नाही, पिशवी भरलेली राहते, घट्ट झालेला पाक तसाच पडून राहतो. आणि पाक ढवळला नाही की खडी आणखी लवकर धरते, हे दिवाळीचे लाडू करणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

म्हणूनच अगदीच बिनचरबीचं जेवण पित्ताशयाला मानवत नाही, असं पुढच्या छोट्या अभ्यासांतून दिसलं. जेवणात दहा-एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ असले, तर पित्ताशय बऱ्यापैकी रिकामं होतं. वरणभातावरची दोन छोटे चमचे तुपाची धार साधारण तेवढीच. पण शस्त्रक्रिया झालेल्यांनी ही धार आहारतज्ज्ञाला विचारूनच सोडावी. आणि वजन लवकर उतरावं म्हणून त्यात श्रावणातल्या निरंकार उपासांची भर घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. देव समजून घेईल. पित्ताशय घेणार नाही.

एवढं कळल्यावर प्रश्न उभा राहिला तो लांगेनबुख यांचाच: पिशवी काढायची की ठेवायची? जठराची शस्त्रक्रिया उभा छेद घेऊन, पोट उघडून होत असे तेव्हा अनेक सर्जन म्हणत, आत आलोच आहोत तर पित्ताशयही काढून टाकू. खडे असोत वा नसोत. उद्याचं दुखणं आजच निकालात. यात तर्क होता. पण पोट उघडण्याची ती पद्धतच बदलली, आणि बदलली ती पित्ताशयामुळेच.

१२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन गावी एरिख म्यूहे यांनी पोट न उघडता, नळीवाटे दुर्बीण घालून पित्ताशय काढलं. पुढच्या वर्षी जर्मन सर्जनांच्या परिषदेत त्यांनी हे सांगितलं, तर लोकांनी त्यांची टर उडवली. ‘मिकी माउस सर्जरी’ म्हणाले. एक रुग्ण दगावला तेव्हा खटलाही झाला. १९९० मध्ये ते त्यातून सुटले, तोवर फ्रान्स-अमेरिकेत हीच शस्त्रक्रिया घरोघरी बोलली जात होती. १९९२ मध्ये त्याच जर्मन संस्थेने त्यांचा गौरव केला. टर उडवणाऱ्यांतले किती जण टाळ्या वाजवायला होते, याची मला उत्सुकता आहे.

भारतात ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा झाली १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात. करणारे डॉ. तेहेम्टन उदवाडिया. त्यानंतर काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी ती केली. उदवाडिया १९७२ पासून सरकारी रुग्णालयातल्या गरिबांच्या निदानासाठी दुर्बीण वापरत होते. ज्या काळात इतर सर्जनांना हे खेळणं वाटत होतं, त्या काळात ते म्हणत की महागडी यंत्रणा नसलेल्या देशालाच याची गरज जास्त आहे. लवकर घरी, लवकर कामावर. हमालाला, कामगाराला पोटावरच्या लांब टाक्यांमुळे महिनाभर रोजगार बुडवणं परवडत नाही. त्यांना २०१७ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि २०२३ मध्ये ते गेले. भारतातल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा पाया ज्यांनी घातला, त्यांत हा मुंबईकर पारशी गृहस्थ पहिल्या रांगेत आहे.

पित्ताशयावर हात बसल्यावर सर्जन दुर्बीण घेऊन जठराकडे वळले. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या सर्जनांनी दुर्बिणीतून गॅस्ट्रिक बायपास केल्याचं प्रसिद्ध केलं. २००० नंतर स्लीव्ह आली, ज्यात जठराचा मोठा भाग कापून फक्त केळ्याएवढी नळी ठेवतात. आता हिशोब उलटा झाला. जठरासाठी पाडलेली भोकं पित्ताशयासाठी नेमक्या जागी नसतात. वजनदार माणसाचं यकृत मोठं आणि ठिसूळ असतं, वेळ वाढतो, पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका वाढतो. शिवाय खडे झालेल्यांतल्या बऱ्याच जणांना कधीच त्रास होत नाही. मग निरोगी पित्ताशय कापावं कशाला? हळूहळू बहुतेक सर्जन या मतावर आले: आधीच खडे असतील आणि दुखत असेल तर काढा, नाहीतर ठेवा आणि लक्ष ठेवा.

बायपास झालेल्यांसाठी या निर्णयात एक मेख आहे. खडा पित्ताशयातून निसटून मुख्य नलिकेत अडकला, तर एरवी तोंडातून दुर्बीण घालून तो काढता येतो. बायपासनंतर तो रस्ता बदललेला असतो. दुर्बीण नेहमीच्या वाटेने तिथे पोहोचतच नाही. मग पोटातून वेगळी वाट करून जावं लागतं. म्हणूनच बायपास झालेल्या माणसाने कळ अंगावर काढू नये. आज पित्ताशय काढणं सोपं असतं, पंधरा दिवसांनी अडकलेला खडा काढणं सोपं नसतं.

काढणं आणि ठेवणं यांच्यामध्ये तिसरी वाट निघाली ती औषधाची, आणि ती अस्वलापासून सुरू होते. अस्वलाचं पित्त पूर्व आशियात शेकडो वर्षं औषध म्हणून वापरात आहे. १९२७ मध्ये जपानमध्ये शोदा यांनी त्यातलं एक पित्ताम्ल वेगळं केलं. अस्वलाच्या लॅटिन नावावरून त्याला अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड म्हणतात. सत्तरच्या दशकात दिसलं, की त्याने कोलेस्टेरॉलचे छोटे खडे विरघळू शकतात. मग १९९५ मध्ये अमेरिकेत २३३ बायपास रुग्णांवर चाचणी झाली. सहा महिने रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत खडे झाले २ टक्क्यांना, खोटी गोळी घेणाऱ्यांत ३२ टक्क्यांना. इतका स्वच्छ फरक वैद्यकात क्वचित दिसतो. २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या साडेनऊशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीने त्याला थोडी मुरड घातली: ज्यांच्या पित्ताशयात आधी खडे नव्हते अशा बायपासवाल्यांना औषधाचा फायदा झाला, आधीच खडे असलेल्यांना झाला नाही. म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीची सोनोग्राफी महत्त्वाची.

आता अस्वलं मारून हे औषध बनत नाही. ते मुख्यतः बनतं गुरांच्या पित्तापासून, आणि इथे ‘डुनेडिन’ जहाजाची गोष्ट पुन्हा येते. मांसाचा धंदा वाढला तसं जे फेकलं जायचं तेही विकलं जाऊ लागलं. पामर्स्टन नॉर्थजवळ १९७१ पासून गुरांच्या पित्तातून पित्ताम्लं काढणारा कारखाना आहे. ती जगभरच्या औषध कंपन्यांना जातात. गुरांच्या पित्ताशयात कधीमधी सापडणारे खडेही इथले कत्तलखाने जपून गोळा करतात, कारण चिनी औषधांच्या बाजारात त्यांना प्रचंड भाव मिळतो. हा खडा आपल्याला नवा नाही बरं का. आपल्या आज्या ज्याला गोरोचन म्हणायच्या, तो हाच! गोरोचन कुठून येतं हे त्यांतल्या कितींना माहीत होतं, कोण जाणे. शाकाहारी घरांत हे वाचून कुणी थबकेल, याची मला कल्पना आहे. औषधाचा स्रोत आणि कॅप्सूलचं जिलेटिन, दोन्ही फार्मासिस्टला विचारता येतात. पण विचारून ठरवा. गुपचूप बंद करू नका.

हे सगळं आपल्या मंडळींसाठी आत्ताच का महत्त्वाचं आहे? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापला. एक ते स्वतः, दुसरे इंग्रज सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. वरून सडपातळ, आतून चरबीदार: हे आपलं शरीर. त्यामुळे आशियाई लोकांसाठी लठ्ठपणाच्या रेषा खाली आणल्या गेल्या, आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई माणसाला बीएमआय २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. याचा अर्थ, ज्यांना आपण ‘जरा भरलेला’ एवढंच म्हणतो, त्यांच्यापुढेही आता हा पर्याय येतो. इथली रांग लांब, खाजगीत खर्च मोठा. मग काही जण महिन्याची रजा काढून पुण्या-मुंबईला शस्त्रक्रिया करून येतात. त्यात गैर काही नाही, तिथले सर्जन उत्तम आहेत. पण खडे होतात ते पुढच्या सहा महिन्यांत, म्हणजे इथे परतल्यावर. आणि इथल्या जीपीकडे ना शस्त्रक्रियेचा कागद असतो, ना आधीची सोनोग्राफी. येताना दोन्ही घेऊन या. २०२५ पासून इथे मिळू लागलेल्या वेगोवीसारख्या इंजेक्शनांनाही हेच लागू आहे. वजन कशाने उतरलं याच्याशी पित्ताशयाला घेणंदेणं नसतं, किती वेगाने उतरलं याच्याशी असतं.

कळ ओळखायची कशी? ती उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध येते, बहुधा जेवणानंतर, कधी मध्यरात्री. अर्ध्या तासापासून काही तास टिकते आणि उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाते. जळजळ नसते, आवळल्यासारखं असतं. मोरावळ्याने किंवा ॲसिडिटीच्या गोळीने उतरत नाही. तिच्याबरोबर ताप, थंडी किंवा डोळ्यांत पिवळेपणा आला तर वाट पाहायची नाही, सरळ १११ लावायचा किंवा इमर्जन्सी गाठायची.

आणि इथल्या तरुण मंडळींनो, आईबाबांबरोबर किंवा आजीबरोबर डॉक्टरकडे गेलात आणि त्या ‘पित्त’ म्हणाल्या, तर लगेच भाषांतर करू नका. आधी विचारा: कुठे बोट ठेवून दाखवशील? जळतं की आवळतं? किती वेळ? मग सांगा, आणि त्याबरोबर पहिल्याच वाक्यात हेही सांगा की वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे आणि कोणत्या महिन्यात झाली. घरच्या माणसाने भाषांतर करावं असा नियमही नाही. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलातल्या प्रकरणावरून १९८७-८८ मध्ये जी कार्टराइट चौकशी झाली, तिच्यातून १९९६ ची रुग्णहक्कांची संहिता आली. तिच्यातला पाचवा हक्क सांगतो, की रुग्णाला समजेल अशा भाषेत बोललं गेलं पाहिजे आणि गरज असेल तिथे, शक्य असेल तेव्हा जाणकार दुभाष्या मिळाला पाहिजे. मराठी दुभाष्या हवा असेल तर तसं अपॉइंटमेंट घेतानाच सांगावं लागतं.